स्वसंरक्षणाची कला कुणासाठी? लंडनमधल्या जुजुत्सूची गोष्ट

"कराटे लावावं का?" "ज्युडो बरं की क्राव मागा?" "माझी उंची कमी आहे, मला जमेल का?" हे प्रश्न तुम्ही कधीतरी विचारले असतील, निदान ऐकले तरी असतील. नव्या सत्रात वसतिगृहाच्या फलकावर स्वसंरक्षण शिबिराचं पत्रक लागलं की ते हमखास निघतात. उत्तरं बहुतेक वेळा क्लास चालवणाऱ्यांकडूनच येतात आणि ती सगळी 'हो' अशीच असतात! आज या प्रश्नाकडे इतिहासाच्या अंगाने पाहू. एक तर तो अजिबात नवा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये तो मासिकांतून, जाहिरातींतून आणि सभांतून विचारला जात होता. आणि दुसरं म्हणजे, 'योग्य', 'उपयोगी', 'परिणामकारक' हे शब्द संशोधनात किती फसवे असतात हे दाखवायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

संशोधनाचा प्रस्ताव लिहिताना एक सवय लावून घ्या. "अमुक गोष्ट उपयोगी होती का?" असं वाक्य लिहिलंत की तिथेच थांबायचं आणि विचारायचं: कुणाला? कशाविरुद्ध? आणि हे ठरवलं कुणी? ही माहिती नसेल तर ते वाक्य प्रश्नासारखं दिसतं, पण त्याचं उत्तर कोणत्याही दप्तरात मिळत नाही. जुजुत्सूच्या बाबतीत हे करून पाहिलं तर काय हाती लागतं ते आता बघू.

ओव्हरकोट घातलेला माणूस

एडवर्ड विल्यम बार्टन-राइट हा इंग्रज अभियंता. जन्म १८६०चा, बंगळूरचा. कामानिमित्त तो साधारण तीन वर्षं जपानमध्ये राहिला, तिथे जुजुत्सू शिकला आणि १८९८ मध्ये इंग्लंडला परतला. पुढच्याच वर्षी, मार्च आणि एप्रिल १८९९ मध्ये, 'पिअरसन्स मॅगझिन'मध्ये स्वसंरक्षणाच्या 'नव्या कले'वर त्याचे दोन सचित्र लेख आले. या कलेला त्याने स्वतःचंच नाव जोडलं: बार्टन अधिक जुजुत्सू, म्हणून बार्टित्सू. नाव कुठेतरी वाचल्यासारखं वाटत असेल, तर १९०३ मधली शेरलॉक होम्सची कथा आठवा. मोरिआर्टीच्या तावडीतून आपण कसे सुटलो हे सांगताना होम्स 'बारित्सू'चा उल्लेख करतो. तो हाच शब्द, एक अक्षर गाळून.

लंडनच्या सोहो भागात, शाफ्ट्सबरी अव्हेन्यूवर बार्टन-राइटने क्लब काढला. तिथे मुष्टियुद्ध होतं, फ्रेंच पद्धतीच्या लाथा होत्या, पिएर विन्यी या स्विस शिक्षकाची हातातल्या काठीची विद्या होती आणि अंगाला अंग भिडलं की मग जुजुत्सू. ते शिकवायला जपानहून युकिओ तानी आणि सादाकाझू उयेनिशी हे दोघे तरुण आले होते.

या लेखांतली चित्रं पाहताना आपलं लक्ष साहजिकच डावपेचांकडे जातं. तुम्ही बचाव करणाऱ्याच्या कपड्यांकडे बघा. त्याच्याकडे चांगला ओव्हरकोट आहे, हातात फिरायला जायची काठी आहे. एक युक्ती तर खुद्द ओव्हरकोटचीच आहे: कोट बाह्या न चढवता खांद्यावर नुसता टाकून चालायचं आणि हल्ला झालाच तर तो समोरच्याच्या डोक्यावर टाकून त्याला आंधळा करायचा. म्हणजे ही विद्या कुणासाठी आहे हे मजकुरात कुठेही लिहिलेलं नसलं तरी चित्रात स्पष्ट दिसतं. १८९८च्या उन्हाळ्यात लंडनच्या वृत्तपत्रांत 'हूलिगन' हा शब्द गाजायला लागला होता. रात्री नाटक पाहून घरी परतणाऱ्या मध्यमवर्गीय गृहस्थाला रस्त्यावरच्या टोळक्यांची धास्ती होती. बार्टित्सू त्या गृहस्थाच्या मापाने शिवलेलं होतं. टोळक्यातल्या पोराला ते उपयोगी पडलं असतं का, असा विचार त्यात नाही.

क्लब १९०२च्या सुमारास बंद पडला. फी डोईजड होती, असं त्या काळच्या जाणकारांचं मत. बार्टन-राइट पुढे उष्णता आणि प्रकाशाच्या उपचारांकडे वळला आणि १९५१ मध्ये गरिबीत वारला.

तानीची गोष्ट मात्र पुढे चालू राहिली. तो अंगाने लहानखुरा होता आणि लंडनच्या म्युझिक हॉलमध्ये जाहीर आव्हानं देऊन भल्याभल्या धिप्पाड माणसांना लोळवत होता. ठरलेली मिनिटं त्याच्यासमोर टिकलात तर रोख बक्षीस. 'छोटा माणूस मोठ्याला हरवतो' ही जुजुत्सूची कीर्ती मुख्यतः या रंगमंचावर तयार झाली. १९०४-०५ च्या युद्धात जपानने रशियाला हरवलं तेव्हा तर ती घरोघरी पोचली. पण आव्हान स्वीकारणाऱ्याला जुजुत्सूचं जाकीट घालावं लागे आणि जुजुत्सूच्याच नियमांनी खेळावं लागे. आपल्याकडच्या एखाद्या मुष्टियोद्ध्याला लांग नेसवून लाल मातीत उतरवलं तर काय होईल, तसंच हे. तानीचं कौशल्य खरंच होतं, त्याबद्दल शंका नको. पण ज्या सामन्यातून 'ही कला कुणालाही भारी पडते' असा पुरावा तयार झाला, त्या सामन्याचे नियम कुणी ठरवले होते हे पुराव्यासोबतच वाचायला हवं. तुमच्या विषयात असे 'सामने' कोणते, ते शोधून ठेवा. प्रयोगशाळेचे अहवाल, सरकारी प्रात्यक्षिकं, बक्षीसपात्र शेतं, सगळीकडे सापडतील.

चार फूट अकरा इंच

आता एडिथ गॅरुडकडे येऊ. जन्म १८७२, उंची चार फूट अकरा इंच. ती आणि तिचा नवरा विल्यम दोघेही व्यायाम शिक्षक. उयेनिशीच्या गोल्डन स्क्वेअरमधल्या शाळेत दोघं जुजुत्सू शिकले. उयेनिशी जपानला परत गेल्यावर शाळा विल्यमने चालवायला घेतली आणि बायका-मुलांचे वर्ग एडिथकडे आले. १९०७ मध्ये वाटमाऱ्यांना लोळवणारी तरुणी म्हणून ती एका छोट्या मूकपटातही झळकली.

तोपर्यंत एमेलिन पँकहर्स्ट यांच्या 'विमेन्स सोशल अँड पोलिटिकल युनियन'ने स्त्रियांच्या मताधिकारासाठी रस्त्यावरची लढाई सुरू केली होती. सभांमध्ये धटिंगण घुसत, वक्त्या स्त्रियांना ओढत, ढकलत. १९०९ मध्ये संघटनेच्या प्रदर्शनात गॅरुडने प्रात्यक्षिकं दाखवली आणि मग मताधिकारवाद्यांसाठी स्वसंरक्षणाचे वर्ग सुरू झाले.

इथे कळीचा बदल झाला आणि तो सहज निसटतो. विद्या तीच, पेच तेच. पण समोरचा माणूस बदलला. चित्रपटात वाटमारे होते. आता पोलीस होते. वाटमाऱ्याला आपटलं तर कायदा तुमच्या बाजूने. पोलिसाला आपटलं तर तुम्हीच तुरुंगात. त्यातून रस्त्यावरचा चोर एकटादुकटा असतो, पोलिसांची रांग असते. म्हणजे बार्टन-राइटच्या गृहस्थासाठी बेतलेला कोट आता वेगळ्याच अंगावर चढवला जात होता.

जुलै १९१०. 'पंच' या विनोदी साप्ताहिकात एक व्यंगचित्र आलं: 'जुजुत्सू येणारी सफ्रेजेट'. एक चिमुकली बाई बाह्या सरसावून उभी आहे आणि पोलिसांचा जथाच्या जथा तिच्यासमोर थिजलाय. काही जण कुंपणाच्या गजांवर लटकतायत. त्याच सुमारास 'स्केच' साप्ताहिकाने गॅरुड पोलिसाच्या वेषातल्या माणसावर पेच टाकत असल्याची छायाचित्रं छापली. ही चित्रं आजही सगळीकडे फिरतात. 'जुजुत्सू करणाऱ्या सफ्रेजेट्स' असं शोधलंत तर पहिल्यांदा हीच समोर येतील, आणि बहुतेक वेळा खाली लिहिलेलं असतं की बघा, जुजुत्सूने पोलिसांना कसं नमवलं.

चारच महिन्यांनी, १८ नोव्हेंबर १९१० ला काय झालं ते मात्र त्या चित्रांखाली नसतं. मर्यादित मताधिकाराचं विधेयक सरकारने बाजूला सारलं, तेव्हा सुमारे तीनशे स्त्रिया बारा-बाराच्या गटाने पार्लमेंटकडे निघाल्या. पहिल्या गटात पँकहर्स्ट होत्या आणि महाराजा दुलीपसिंगांची मुलगी सोफिया दुलीपसिंगही होती. पुढचे जवळपास सहा तास पोलिसांनी आणि बघ्यांतल्या पुरुषांनी या स्त्रियांना मारलं, फेकलं, त्यांची अंगं पिरगाळली. रोझा मे बिलिंगहर्स्टला पोलिओमुळे चालता येत नसे, ती हाताने चालवायच्या तीनचाकीवर आली होती. तिला खाली ढकललं आणि चाकातली हवा काढून तिला गर्दीत तशीच सोडली. ११५ स्त्रियांना अटक झाली. जेसी मरे या डॉक्टर बाई आणि पत्रकार हेन्री ब्रेल्सफर्ड यांनी नंतर १३५ निवेदनं गोळा केली. जवळपास सगळ्यांत मारहाणीचं वर्णन आहे आणि २९ निवेदनांत लैंगिक स्वरूपाच्या अत्याचाराचं. गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी चौकशी नेमायला नकार दिला. हा दिवस पुढे 'ब्लॅक फ्रायडे' म्हणून ओळखला गेला.

जुलैचं व्यंगचित्र आणि नोव्हेंबरची निवेदनं शेजारी शेजारी ठेवून वाचा, बस्स. पेपराच्या वाचकाने जुजुत्सू येणाऱ्या बाईची जी ताकद कल्पिली होती, ती त्या चौकात कुठेच नव्हती. याचा अर्थ जुजुत्सू खोटं होतं असा नाही. चटईवर एकाला एक, जाकिटाची कॉलर हातात, आणि सुटायला मागे वाट मोकळी, अशा स्थितीसाठी ते घडलेलं होतं. सहा तास, चारी बाजूंनी गर्दी आणि परत उठून पुढेच जायचंय, ही स्थितीच वेगळी.

मग त्यांनी काय ठरवलं?

आपल्या मूळ प्रश्नाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा भाग हा आहे, कारण इथे माणसं प्रत्यक्ष निर्णय घेताना दिसतात.

अनेकींनी ठरवलं की झटापटच टाळायची. नोव्हेंबर १९११ पासून मोठ्या प्रमाणावर खिडक्या फोडण्याचं सत्र सुरू झालं. यामागे राजकीय डावपेच होतेच, पण एक साधा हिशेबही होता: दगड मारला की लगेच अटक होते, तासन् तास पोलिसांच्या आणि गुंडांच्या हातात सापडावं लागत नाही. स्वतःच्या शरीराचं रक्षण करायचा हाही एक मार्ग. स्वसंरक्षणाचा इतिहास लिहिणारे पुष्कळदा फक्त पेच मोजतात आणि हा निर्णय त्यांच्या यादीत येतच नाही. माझ्या मते तो पहिल्या क्रमांकावर यायला हवा.

गॅरुडच्या शाळेचा उपयोगही बदलला. खिडक्या फोडून पळालेल्या बायका शाळेत शिरायच्या, हातातली हत्यारं चटईखालच्या फळ्यांमध्ये लपवायच्या आणि पोलीस येईपर्यंत सरावाचे कपडे घालून एकमेकींना आपटत असायच्या! ही आठवण गॅरुडने उतारवयात सांगितली. ती ९९ वर्षं जगली, १९७१ मध्ये वारली आणि शेवटच्या दशकातही मुलाखती देत होती. पन्नासेक वर्षांनी सांगितलेली आठवण म्हणून ती कशी वापरायची, हे तुम्हाला ठरवावं लागेल. मी ती एका दिवसाचा बिनचूक वृत्तान्त म्हणून वापरणार नाही. पण शाळा म्हणजे नुसता क्लास नव्हता, लपायला आणि भेटायला एक हक्काची जागा होती, एवढं तिच्यावरून म्हणायला मला अडचण वाटत नाही.

तिसरा निर्णय १९१३चा. तुरुंगात उपोषण करणाऱ्यांना अशक्त झाल्या की सोडायचं आणि बऱ्या झाल्या की पुन्हा पकडायचं, असा कायदा सरकारने त्या वर्षी केला. लोक त्याला मांजर-उंदराचा कायदा म्हणत. पँकहर्स्ट यांची ही फेरअटक लांबवण्यासाठी पंचवीस-तीस जणींचं अंगरक्षक पथक उभं राहिलं. त्याची जुळवाजुळव गर्ट्रूड हार्डिंग या कॅनडाहून आलेल्या तरुणीने केली, शिकवायला गॅरुड. या पथकाचं काम वाचताना लक्षात येतं की जुजुत्सू त्यातला एक भागच होता. फेब्रुवारी १९१४ मध्ये लंडनमधल्या एका सभेनंतर पोलीस तुटून पडले ते बुरख्याआडच्या तोतया पँकहर्स्टवर, आणि खऱ्या बाई निघून गेल्या. हे यश नियोजनाचं.

आणि या पथकाच्या झग्यांत दडवलेलं हत्यार कोणतं? आपल्या तालमीतलं मुद्गल! हिंदुस्थानात आलेल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी मुद्गलांची जोडी पाहिली, ती हलकी करून मायदेशी नेली. १८३०च्या दशकात डोनाल्ड वॉकरने पुरुषांसाठीच्या आणि पुढे बायकांसाठीच्या व्यायामाच्या पुस्तकांतही तिला जागा दिली. घरंदाज इंग्रज मुली ताठ बसता यावं, खांदे सुडौल दिसावेत म्हणून ती फिरवत. 'इंडियन क्लब' घरात असणं संशयास्पद नव्हतं. तीच जोडी आता पोलिसांच्या दंडुक्याला दंडुका म्हणून बाहेर आली. हत्याराला एकच एक उपयोग चिकटलेला नसतो, हे सांगायला आणखी काय हवं?

९ मार्च १९१४, ग्लासगोचा सेंट अँड्र्यूज हॉल. लंडनहून रेल्वेने आलेलं पथक मंचावर तयार बसलेलं, मंचाच्या कडेच्या फुलांआड काटेरी तार. पँकहर्स्ट बोलायला लागताच पोलीस घुसले, तार अंगात रुतली, मुद्गलं आणि दंडुके एकमेकांवर आदळले. शेवटी पँकहर्स्ट यांना अटक झालीच. मग पथक अयशस्वी? ग्लासगोच्या प्रेक्षकांनी मात्र पोलीस मंचावरच्या स्त्रियांना मारताना डोळ्यांनी पाहिलं आणि शहरात संताप उसळला. 'यश' कशात मोजायचं, हे तुम्ही आधी सांगितलं नाही तर या एका संध्याकाळीबद्दल दोन प्रबंध निघतील आणि दोन्ही बरोबर ठरतील.

वर्ग सोडून गेलेल्यांचं काय?

ही सगळी साधनं कुणाची आहेत ते एकदा तपासा. शिक्षकांची पुस्तकं, विनोदी साप्ताहिकं, जाहिराती, आणि कॅथरीन मार्शलसारख्या पथकातल्या एकदोघींच्या आठवणी. म्हणजे टिकून राहिलेल्यांच्या. दोन तास येऊन, मनगट मुरगळून किंवा कंटाळून जी बाई परत आलीच नाही, तिने आठवणी लिहिल्या नाहीत. 'ही कला माझ्यासाठी नाही' असं ठरवणारी माणसं दप्तरात जवळपास नसतातच. कुठल्याही चळवळीवर, शाळेवर, पंथावर काम करत असाल तर हा कोपरा अंधारा असणार हे धरूनच चाला. उजेड आडवाटेने येतो: वर्गांची पुन्हापुन्हा येणारी जाहिरात, बदलत गेलेले पत्ते, शुल्काबद्दलच्या तक्रारी.

आता फलकावरच्या त्या पत्रकाकडे या. त्यातल्या चित्रात हल्लेखोर बहुधा अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी माणूस असेल, १९०७च्या मूकपटातल्या वाटमाऱ्यासारखाच. आपल्याकडे बलात्काराच्या नोंदवलेल्या गुन्ह्यांत आरोपी बहुतांश वेळा ओळखीचाच असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं दाखवतायत. तेव्हा शिक्षकांना बेधडक विचारा: सर, किंवा मॅडम, तुमच्या मनातला हल्लेखोर कोण आहे? ओळखीच्या माणसाशी, जिन्यात किंवा गाडीत, काय करायचं हे तुम्ही शिकवता का? सरावात समोरचा खरोखर प्रतिकार करतो की पेच लागू देतो? जाकिटाची कॉलर धरून शिकलेला पेच टी-शर्टवर लागतो का, हेही एकदा करून दाखवायला सांगा. कायद्यातल्या खासगी बचावाच्या हक्काची कलमं, म्हणजे भारतीय न्याय संहितेतली ३४ ते ४४, पंधरा मिनिटांत वाचून होतात. आणि मागच्या तुकडीतले किती जण सहा महिने टिकले, जे गेले ते का गेले, हे विचारून बघा. ज्यांच्याकडे याचं उत्तर असतं ते शिक्षक मला जास्त भरवशाचे वाटतात. नुसता व्यायाम म्हणून, मैत्रिणी मिळतात म्हणून, आपटी खाण्याची भीती जावी म्हणून जायचं असेल तर तीही चांगली कारणं आहेत. गॅरुडच्या वर्गातल्या बायकांचीही ती नसतील असं समजू नका. फक्त कोणत्या कारणासाठी जातोय ते स्वतःशी स्पष्ट असू द्या.

सरावासाठी एक काम देतो. विन्यीची काठीची पद्धत लंडनमध्येच संपली नाही. हिंदुस्थानी पोलीस खात्यातल्या एच. जी. लँग या अधिकाऱ्याने तिच्यावर आधारलेलं पुस्तक १९२३ मध्ये छापलं, 'द वॉकिंग स्टिक मेथड ऑफ सेल्फ डिफेन्स'. ते मिळवा आणि पेच बाजूला ठेवून नुसती सर्वनामं आणि छायाचित्रं वाचा: 'तुम्ही' कोण, समोरचा कोण, दोघांच्या अंगावर काय आहे, काठी कुणाच्या हातात आहे. एका पानात टिपण लिहा. त्यात 'उपयोगी' हा शब्द वापरायचा नाही.